सासरी ओरिजनल, माहेरी झेरॉक्स

तमाम सगेसोयरे, शेजारीपाजारी आणि शिक्षण खात्यातले आजी-माजी कर्मचारी यांना अत्यंत जबाबदारीनं आणि कुणाच्याही दबावाखाली न येता कळवण्यात येतं की, सहावीच्या वर्षी मी एकाच वेळी दोन जिल्ह्यांतल्या दोन शाळांत शिकत होते आणि दोन्ही शाळांच्या हजेरीपटावर माझी हजेरी भरलेली होती. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा घेतला, पुन्हा वाचलं. खरं आहे. माझा धाकटा भाऊ मुन्नाही या गुन्ह्यात सामील होता. पण तो पहिलीत होता, त्याला कुणी मोजत नव्हतं, आणि पुढं जे काही झालं ते त्याला कुणी मोजत नव्हतं म्हणूनच झालं.

हे आज लिहायला बसायचं कारणही मुन्नाच. तो आता दोह्यात असतो. त्याला दोन मुलं आहेत आणि दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. ताई, पोरांना इंटरनॅशनल शाळेत घालू का साध्या इंडियन शाळेत? एकीत पोहायचा तलाव आहे, दुसरीत गणित चांगलं आहे. बायको तलावाच्या बाजूची, सासरे गणिताच्या बाजूचे. मी सगळं शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी त्याला त्याच्या डाव्या हाताच्या बोटाची आठवण करून देते. मग तो फोन ठेवतो.

आम्ही मस्कतहून आलो ते तीन सुटकेस, एक मिक्सर आणि वाघाचं चित्र असलेलं एक जाडजूड ब्लँकेट घेऊन. लातूरच्या उन्हाळ्यात त्या ब्लँकेटचा उपयोग एवढाच होता की भेटायला आलेल्या बाया त्यावर हात फिरवून 'लई मऊ हाय गं' म्हणायच्या. बाबा तिकडं एका मोठ्या इमारतीतले एसी सांभाळायचे. कंपनीनं कुटुंबाला क्वार्टर देणं बंद केलं. बाबा तिथंच राहिले, आणि आई, मी, मुन्ना असे तिघं बाबांनी आधीच बांधून ठेवलेल्या लातूरच्या घरात येऊन पडलो. घर नव्या प्लॉटिंगमधलं. पांढरीशुभ्र फरशी, बाथरूमला मस्कतहून आणलेले चकचकीत नळ, आणि नळांना पाणी नाही. पाणी टँकरनं यायचं. टँकरचा हॉर्न लांब कोपऱ्यावर वाजला की आई हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून घागर घेऊन पळायची, त्यामुळे टँकरच्या दिवशी आम्ही एका बाजूनं करपलेली भाकरी खायचो. अजूनही ट्रकचा हॉर्न ऐकला की मला करपल्याचा वास येतो. दुसरा आवाज शिकवण्यांचा. आमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत शिकवण्या चालायच्या. सकाळी उजवीकडून रसायनशास्त्र यायचं, डावीकडून भूमिती, आणि मधे आमच्या स्वयंपाकघरात फोडणी. गल्लीत आमची ओळख झाली तीही त्याच रीतीनं. शेजारच्या काकूंनी माझं नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "किती टक्के हायत?"

टक्के होते, पण चुकीच्या भाषेत होते. मस्कतच्या शाळेत दुसरी भाषा निवडायची असायची. माझा फॉर्म भरून दिला बाबांच्या एका केरळी मित्रानं, स्वतःच्या मुलीच्या फॉर्ममध्ये बघून. त्यामुळे घरी मराठी बोलणारी मी चार वर्षं मन लावून मल्याळम शिकले. लातुरातल्या एका नावाजलेल्या शाळेनं माझी परीक्षा घेतली तेव्हा मराठीच्या पेपरावर मी फक्त माझं नाव लिहिलं, तेही इंग्रजीत. मुलीला तिसरीत बसवा, असा निकाल लागला. मी अकरा वर्षांची, उंचीनं आईच्या खांद्याला लागलेली. आई मला घेऊन बाहेर आली, कोपऱ्यावर दोघींनी उसाचा रस प्यायला. त्या ग्लासाच्या तळाशी बघत मी ठरवलं होतं की काहीही होवो, तिसरीत बसायचं नाही.

ही बातमी दोन दिशांना गेली. एक औशाकडं, आमच्या गावी, जिथं तात्या, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. आणि दुसरी नांदेडला, जिथं माझा मामा नुकताच एका इंटरनॅशनल शाळेचा सचिव झाला होता. त्याच रविवारी दोघंही एकाच वेळी आमच्या दारात हजर झाले. एकमेकांना बघून दोघांनी इतके वाकून नमस्कार केले की आईला तिथंच कळलं, आज काही खरं नाही.

तात्यांची गोष्ट आधी सांगते. तात्यांना पटाचा आजार होता. पट म्हणजे शाळेत नावं किती ती संख्या. ती कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि उचलून कुठंतरी लांब टाकला जातो. त्यामुळे तात्या जिथं जातील तिथं लेकरं मोजायचे. लग्नात जेवणाच्या पंगतीत बसले की समोरच्या पंगतीतली सहा वर्षांची पोरं मोजायची. कुणाच्या घरी बारशाला गेले की पाळण्यात डोकावून, बाळाचं नाव न ऐकताच मनातल्या मनात सहा वर्षं पुढचा हिशेब करायचा. त्या वर्षी त्यांच्या शाळेत पाचवी ते सातवीचा पट एकानं कमी पडत होता. एकानं. आणि त्यांच्या भावाची सहावीतली मुलगी लातुरात बिनशाळेची बसली होती.

मामाची अडचण याच्या उलट होती. त्याच्या शाळेत मुलं होती, पण इंटरनॅशनल काही नव्हतं. शाळा नांदेडबाहेर नायगाव रस्त्यावर एका मंगल कार्यालयात भरायची. वर्गांच्या दारांवर 'वधूपक्ष' आणि 'वरपक्ष' अशा जुन्या पाट्या तशाच होत्या. तोवर या शाळेतला सगळ्यात परदेशी विद्यार्थी जिल्ह्यातल्याच बिलोलीचा होता.

आईनं दोघांसाठी सुशीला केली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची कांदा, मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घालून केलेली ही आमच्याकडची न्याहारी. दोघं पाहुणे समोरासमोर बसून ती खात होते आणि एकमेकांना आग्रह करत होते. मग मामानं ताटली खाली ठेवली.

"पाव्हणे, लेकरू परदेशातून आलंय. त्याला तुमच्या पत्र्याखाली बसवता का?"

तात्या सावकाश चावून झाल्यावर म्हणाले, "आमच्या पत्र्याखाली रोज शाळा भरती, पाव्हणे. तुमची तिथी बघून भरती."

हे खरंच होतं. लग्नाची दाट तिथी असली की मामाच्या शाळेला सुट्टी असायची, कारण हॉल आधीच बुक झालेला असे. मामानं यावर संगणकाचं नाव काढलं, तात्यांनी शुद्ध हवेचं काढलं. मामानं टाय काढला, म्हणजे खिशातून काढून दाखवला, शाळेच्या गणवेशातला. तात्यांनी खिचडीच्या तांदळाचं वर्णन केलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या दृष्टीनं हा शाळेचा प्रश्नच नव्हता. एका पाटावर सासर बसलं होतं आणि दुसऱ्यावर माहेर. तात्यांनी विचारलं, "मग काय, धाडतीस ना लेकरं?" आई म्हणाली, हाव. जरा वेळानं तात्या हात धुवायला गेले तेव्हा मामानं तेच विचारलं. आई म्हणाली, हाव.

दुपारी तिनं कपाट उघडून मस्कतच्या शाळेचे आमचे दाखले काढले. ओरिजनल दाखले तात्यांना दिले. मग मला चौकात पाठवून झेरॉक्स काढून आणली, तिच्यावर ओळखीच्या साहेबांचा शिक्का मारून घेतला आणि ती मामाला दिली. दोघांनीही कागद दुसऱ्याला दिसणार नाही असा घडी करून खिशात घातला. शुक्रवारी बाबांचा फोन आला तेव्हा आई एवढंच म्हणाली की शाळेचं झालं. कोणत्या, असं बाबांनी विचारलं. आई म्हणाली, टँकर आला, ठेवते.

मग सुरू झाली आमची वारंवार बदली. पंधरा दिवस नांदेड, पंधरा दिवस गाव. आईची एसटीची पिशवी त्या सहा महिन्यांत कधी पूर्ण रिकामी झाली नाही. गैरहजेरीच्या पंधरवड्यातही मामा आणि तात्या दोघंही आपापल्या हजेरीत आमच्या नावापुढं प्रेमानं हजेरी मांडत होते.

नांदेडला मी वधूपक्षात शिकले. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मामानं माझं चित्र काढून घेतलं. पेंटर सिमेंटच्या जाहिराती रंगवणारा. पासपोर्टवरच्या फोटोवरून त्यानं मला रंगवली, मागं विमान काढलं, बाजूला उंट काढला, आणि नाकाखालची सावली जरा जास्त झाल्यामुळे मला बारीक मिशा आल्या. खाली लिहिलं, 'खास मस्कतहून शिक्षणासाठी'. कुणी पाहुणा आला की मामा मला स्टेजवर, जिथं एरवी नवरा-नवरी बसायचे तिथं, उभी करायचा आणि म्हणायचा, माय, जरा अरबीत एखादी कविता म्हण. मला अरबीतलं एवढंच येत होतं जे तिकडच्या दुकानांच्या दारांवर लिहिलेलं असायचं. मी हात जोडून, डोळे मिटून, अगदी मनापासून म्हणायचे, "इद्फा, इस्हब, मम्नू अत्तद्खीन, मख्रज." ढकला, ओढा, धूम्रपान मना आहे, बाहेर जाण्याचा रस्ता. एकदा एका पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉलच्या दाराशी मामाच्या जीपचे ड्रायव्हर सलीमचाचा उभे होते. ते आठ वर्षं सौदीला राहून आलेले. चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता त्यांनी सगळं ऐकलं आणि नंतर जीपपाशी मला हळूच म्हणाले, "बेटी, बाहर जाने का रस्ता बहोत दिल से पढ़े तुम." त्या सहा महिन्यांत नांदेडला मला ओळखणारा हा एकच माणूस भेटला.

गावच्या शाळेत मात्र, पटावर मी सहावीत असले तरी, मराठी वाचता येत नाही म्हणून मला पहिल्याच दिवशी पहिलीच्या पोरांत बसवलं. शेजारी कोण, तर मुन्ना. मी रडायच्या बेतात होते. वर्ग सुमनबाईंचा होता. बाई औशाहून सकाळच्या एसटीनं यायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, म्हणून दोन वर्षांची मुलगी त्या सोबत आणायच्या, आणि ती टेबलाखाली पोत्यावर झोपलेली असायची. त्यांनी माझ्याकडं बघितलं. शाळा सुटल्यावर म्हणाल्या, चल, मला फाट्यावर सोडायला. फाट्यावर उभं राहून त्यांनी नियम सांगितला. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी मी वाचायची. वाचली तर त्या चढणार. नाही वाचली तर गाडी सोडून देणार.

पहिल्या दिवशी 'औसा' आलं. औ. असलं अक्षर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अंगावर मात्रा घेऊन ते धुरळ्यातून माझ्याकडं येत होतं. मला वाचता येईना. कंडक्टरनं दार उघडलं, बाई हलल्या नाहीत. गाडी गेली. पोरगी काखेत झोपलेली, ऊन कलतं, आणि बाई आरामात पायरीच्या दगडावर बसून शेंगा फोडत होत्या. दुसरी गाडी गेली. तिसऱ्या गाडीला मी ओरडले, "औसा." बाई उठल्या, साडी झटकली आणि चढता चढता म्हणाल्या, "जिला औ आला तिला बाकीचं काय अवघड हाय." दिवाळीपर्यंत मला निलंगा, उमरगा, सोलापूर सगळं आलं. मी अजूनही पुस्तकापेक्षा पाटी जास्त वेगानं वाचते.

दिवाळीनंतर एक दिवस तात्या आणि बाई व्हरांड्यात हळू आवाजात बोलत होते आणि मी खांबामागून ऐकत होते. पटपडताळणी येणार होती. सगळ्या जिल्ह्यांत एकाच दिवशी, बाहेरचे अधिकारी, आणि एक पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या पोराच्या बोटाला निवडणुकीसारखी शाई. पाचवी ते सातवीत एक कमी पडला तर शाळेत सगळ्यात नव्या म्हणून बाई अतिरिक्त. त्यांना देवणीच्या पलीकडं, पार सीमेवरच्या गावात जावं लागणार. बाई म्हणाल्या, सासूला तिथं नेता येत न्हाई आणि इथं सोडता येत न्हाई, सर. तात्यांनी खांबामागं बघितलं, मला बघितलं, आणि परत समोर बघितलं.

पडताळणीच्या दिवशी सकाळी आम्ही गावात होतो. सात वाजता मामाची जीप आली. मामानं पूर्ण विचार केला होता. इथली मोजणी दहापर्यंत उरकणार, तिथून जीप सुसाट नांदेडला, तिथं दुपारी मोजणी. भिंतीवर उंटासकट रंगवलेली मुलगी साहेबांना हजर दाखवायलाच हवी होती. शाईचा बंदोबस्त त्याच्या खिशात होता, खोबरेल तेलाची बाटली. त्यानं आम्हा दोघांच्या डाव्या हाताच्या बोटांना तेल चोपडलं. इथं शाई लागली तरी धरणार नाही, तिथं गेल्यावर तेल पुसायचं. मुन्नाला बाजूला घेऊन त्यानं तेच मुन्नाला कळेल अशा भाषेत समजावलं. काय सांगितलं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. आई चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. एक भाऊ, एक दीर, आणि तव्यावर भाकरी. तिनं भाकरी उलटली.

साहेब आले. जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांची पद्धत मामाच्या हिशेबात नव्हती. नाव पुकारायचं, शाई लावायची आणि पोराला पलीकडं बसवायचं. सगळ्यांची झाली की पलीकडं जाऊन शाईची बोटं मोजायची. जितकी बोटं तितका पट. नावं लिहिलेली चालणार नाहीत, हजेरी चालणार नाही, बोट. मी रांगेत उभी होते आणि मला कळलं की माझ्या बोटावरचं तेल म्हणजे बाईंची देवणी. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, त्या पलीकडची पोरं मोजत होत्या. जीप झाडाखाली होती. मामानं मला बघून मान हलवली, सगळं ठीक हाय अशा अर्थानं. मी खाली वाकले, चपलेचा बंद नीट करतेय असं दाखवलं आणि बोट काळ्या मातीत घासलं. आमची माती चिकट. तेल खाऊन टाकलं तिनं. मग फ्रॉकच्या आतल्या बाजूला बोट खसाखसा पुसलं. नाव पुकारलं, मी हात पुढं केला. शाई अशी बसली की पुढं तीन आठवडे गेली नाही. बाईंचे ओठ थांबले. मामाची मानही थांबली.

हे इथंच संपलं असतं. मागून मुन्ना आला नसता तर.

मुन्नाच्या बोटावर शाई थेंब होऊन घरंगळली. साहेबांनी परत लावली, परत घरंगळली. त्यांनी बोट नाकाशी नेलं. वास घेतला. तेल का लावलंय, असं त्यांनी त्याला अगदी मायेनं विचारलं, आणि सहा महिने ज्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं त्या मुन्नाला पहिल्यांदाच आपण महत्त्वाचे आहोत असं वाटलं. तो बोलला. काय बोलला ते सांगतेच, पण आधी नंतरचं सांगून टाकते, कारण त्याच्या बोलण्यानंतर काही सांगण्यात अर्थ राहत नाही.

साहेबांनी तात्यांकडं बघितलं, मग झाडाखालच्या जीपकडं. जीपमध्ये मामा उलट्या धरलेल्या वर्तमानपत्रामागं होता. सलीमचाचा आभाळाकडं बघत होते. साहेबांनी दोघांकडून दाखले मागवले. तात्यांनी ट्रंकेतून ओरिजनल काढला, मस्कतचा शिक्का, निळी सही. मामानं शिक्का मारलेली झेरॉक्स काढली आणि तिथं, सगळ्यांसमोर, त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्या सख्ख्या बहिणीनं ओरिजनल दिराला दिलाय आणि आपल्याला नुसती झेरॉक्स. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पडताळणीचं भय नव्हतं. साहेब म्हणाले, ओरिजनल जिथं, लेकरं तिथं. मामानं जीपच्या बॉनेटवर ठेवून आमची नावं नांदेडच्या पटावरून कमी करण्याचा अर्ज लिहून दिला. अर्ज झाल्यावर तात्या त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, पाव्हणे, खिचडी खाऊन जा. तो आधी नको म्हणाला, मग दोनदा घेतली. आईशी मात्र संक्रांतीपर्यंत बोलला नाही. बाई सातवीपर्यंत मला शिकवायला होत्या, आणि त्यांची पोरगी टेबलाखालून वर येऊन पहिलीच्या पटावर मोजली गेली तेव्हा तात्यांनी पेढे वाटले. भिंतीवरची मी, मिशा आणि उंटासकट, पुढं कित्येक वर्षं नायगाव रस्त्यावर होते.

आई आता सत्तरीकडं आली आहे. परवा ती मेथी निवडत होती तेव्हा मी विचारलं, ओरिजनल तात्यांना दिलंस ते मुद्दाम का सहज? तिनं वर न बघता उत्तर दिलं, तुझ्या मामाकडं कागद टिकत न्हाईत. आणि मेथीची काडी बाजूला टाकली.

तर मुन्ना. साहेबांनी मायेनं विचारल्यावर त्यानं तेलाचं डावं बोट झटक्यात पाठीमागं लपवलं, उजवा हात पुढं केला आणि सगळ्या शाळेला, झाडाखालच्या जीपला आणि औशाच्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"साहेब, ते बोट मामाच्या शाळेचं हाय. तुमच्यासाठी हे घ्या."